मानाचे संचालक आणि स्लोटरडाइकची शाखा

“संहिता, काहीही कर, पण सासरच्या कंपनीची इकडे शाखा काढू नकोस,” असं मीनल मला डेल्फ्ट स्टेशनबाहेर सायकलचं कुलूप उघडता उघडता म्हणाली होती. “तुझी तू नवी कंपनी काढ. एका दुपारचं काम आहे. मुलीला शाळेत सोड, नोंदणी कर, येताना भाजी घेऊन ये.”

मी हसले. मीनल म्हणजे पाणी गाळण्यावर पीएच.डी. करून डेल्फ्टलाच नोकरीला लागलेली, लग्न न केलेली माझी मैत्रीण. सासर या विषयातलं हिला काय कळणार, असं मनात म्हणून मी तिचा सल्ला प्लॅटफॉर्मवर ठेवला आणि गाडीत चढले.

पुण्यात मी एका विमा कंपनीत कोण साधारण किती जगेल याचे तक्ते करत असे. त्यामुळे काळजी करणं हा माझा स्वभाव नाही, ते माझं शिक्षण आहे. इथे नेदरलँड्सला आल्यावर माझ्या नवऱ्याच्या, राजसच्या, निवास परवान्यावर ‘उच्चकुशल कर्मचारी’ असं आलं आणि माझ्या परवान्यावर ‘त्याची जोडीदार’. शाळेत मी शिवांगीची आई. खालच्या मजल्यावरच्या डच आजोबांच्या लेखी मी फोडणीचा वास. तीन वर्षांत एकाही सरकारी कागदावर मी स्वतःहून काही केल्याचा पुरावा नव्हता. तो मला हवा होता. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पुढे जे काही घडलं त्याच्या मानाने ती फारच किरकोळ होती, याची नोंद घ्यावी.

माझ्या सासूबाई शुभदा पुण्याला सहकारनगरात ‘शुभदा गृहउद्योग प्रायव्हेट लिमिटेड’ चालवतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उपवासाची भाजणी. माहेरी जाऊन येणारी प्रत्येक मराठी बाई बॅगेत आधी ही भाजणी भरते आणि मग उरलेल्या जागेत नवऱ्याचे शर्ट. आमच्या ॲम्स्टलफेनमधल्या भारतीय किराणावाल्याला मी एक पाकीट चाखायला दिलं. तो म्हणाला, “भाभी, माल फर्स्ट क्लास है. लेकिन कंपनी इधर रजिस्टर होनी चाहिए.”

मी घरी येऊन सासूबाईंना फोन केला आणि नवी कंपनी काढू का, असं अगदी हळूच विचारलं.

“नवी कशाला? आपली आहे की!” त्या म्हणाल्या.

यावर “आई, आपली नको, माझी हवी” असं म्हणता येतं हे मला आता कळतंय. तेव्हा मी “हो, ते पण आहेच” म्हणाले.

परदेशी कंपनीची शाखा नोंदवायची, तर ती मूळ कंपनी कोणाच्या हातात आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. मी कागद घेऊन नोंदणी कचेरीत गेले. काउंटरवरची बाई शांत होती, चष्म्याची साखळी गळ्यात होती. तिने कागद चाळले आणि संचालकांची नावं मोजली. नऊ भरली.

“ही मोठी कंपनी आहे?”

“नाही. पीठ दळतो आम्ही.”

“मग या नऊ जणांपैकी निर्णय कोण घेतं?”

“माझ्या सासूबाई.”

“आणि बाकीचे आठ?”

“त्यांना विचारतात.”

“म्हणजे ते सल्लागार आहेत?”

“नाही, विचारतात म्हणजे निर्णय झाल्यावर विचारतात.”

बाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. आता हिला कसं सांगायचं? कंपनी काढताना चंद्रहास सीए म्हणाले होते, “वहिनी, दोन संचालक पुरे.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “दोनच? मग मोठे भाऊजी काय म्हणतील? आणि भाऊजींचं घातलं तर वन्संचं नको?” आमच्या कंपनीचं संचालक मंडळ हे असं, लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावं भरतात तसं भरलं गेलं होतं. वयाप्रमाणे, मानाप्रमाणे, कोणी दुखावू नये म्हणून. आणि एकालाच अधिकार दिला तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणून नियमावलीत घातलं होतं: सर्वांनी मिळून.

“सर्वांनी मिळून,” काउंटरवरच्या बाईंनी वाचलं. “म्हणजे नऊच्या नऊ जणांची ओळख पटवावी लागेल. एकतर तिकडे नोटरीपुढे सही करून, सरकारी शिक्क्यांसह. किंवा स्वतः इथे येऊन. एक जरी राहिला, तरी नोंदणी होणार नाही.”

मी चंद्रहासांना फोन केला. ते म्हणाले, “सोपं आहे. सात जणांचे राजीनामे घ्या.”

मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “पत्रिका छापून झाल्यावर नाव खोडतात का कधी?”

यानंतर माझी अवस्था राजस सोडून सगळ्यांना समजली. राजस म्हणाला, “मीनल काय म्हणाली होती?” असा प्रश्न विचारणाऱ्या नवऱ्याला त्या रात्री आमटीत मीठ कमी मिळतं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चित्रा राहते, नागपूरची. तिला सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं ते जास्त खात्रीने माहीत असतं. “शाखेला घराचा पत्ता देऊ नकोस हां,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने दिला होता, तर घरमालकाने घर खाली करायला सांगितलं.” मी भाड्याचा करार काढून वाचला. खरंच, घरात धंदा करायला मनाई. तेव्हापासून मला पोळ्या लाटतानाही अपराधी वाटू लागलं.

शेवटी आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला, राजसच्या ऑफिसजवळच्या एका काचेच्या उंच इमारतीत, सामायिक ऑफिसातलं एक टेबल मिळालं. मंगळवार आणि गुरुवार टेबल, इतर दिवशी पत्रपेटी. बोर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सासूबाईंनी शाखेचा फोटो मागितला. मी खाली रस्त्यावर उभं राहून इमारतीचा फोटो काढला आणि पाठवला. मी खोटं काही लिहिलं नाही. मी काहीच लिहिलं नाही. वन्संनी, म्हणजे आमच्या वासंतीआत्यांनी, सतरा फुलं पाठवली. सासऱ्यांनी, “विश्वासच बसत नाही,” असं लिहिलं. सासऱ्यांचं नाव विश्वास असल्यामुळे आत्यांनी त्यावर हसण्याचे चेहरे पाठवले आणि मूळ मुद्दा मागे पडला.

मग शिक्के सुरू झाले. वासंतीआत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे नोटरीकडच्या फोटोत त्या काळा चष्मा लावून बसल्या. तो फोटो परत आला. एका संचालकांनी सही करताना आधी सवयीने वर श्री काढला. तोही कागद परत आला, कारण श्री पासपोर्टवर नव्हता. पण रडतखडत आठ जण पार पडले.

नववे बाळासाहेबकाका.

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून बिबवेवाडीत एकटे. आणि ते रुसले होते. कंपनीने दशकपूर्तीचं कॅलेंडर काढलं होतं, त्यात सर्व संचालकांचा ग्रुप फोटो होता आणि स्पायरलचं भोक नेमकं काकांच्या कपाळातून गेलं होतं. काकांनी कॅलेंडर परत पाठवलं आणि बोलणं बंद केलं. घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कोणीतरी जाऊन त्यांची समजूत काढेल. असे आठ महिने गेले.

मी फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

“बोल.”

“काका, मी संहिता. तुमची एक सही हवी होती.”

तिकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“कुठे?”

“नेदरलँड्सच्या शाखेसाठी. तिकडे नोटरी...”

“तो देश समुद्रसपाटीच्या खाली आहे ना?”

“थोडा भाग आहे.”

“मग नोटरी कशाला? माझी ओळख मी स्वतः येऊन पटवीन,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, रागाने बोलले. पुढच्या महिन्यात ते आले. विमानतळावर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाजणीची नमुन्याची पाकिटं आणि खिशात नव्याने छापलेलं कार्ड: ‘संचालक (भारत व नेदरलँड्स)’.

“आधी शाखा दाखव,” ते म्हणाले.

स्लोटरडाइकला त्या इमारतीपुढे काका मान वर करून उभे राहिले.

“हे सगळं आपलं?”

“नाही काका. यातला तिसरा मजला.”

लिफ्टमध्ये म्हणाले, “सगळा मजला?”

“त्यातलं एक टेबल.” आता सांगूनच टाकावं म्हणून मी डोळे मिटून पुढे म्हणाले, “मंगळवारी आणि गुरुवारी.”

त्या दिवशी बुधवार होता. आमच्या टेबलावर कोणीतरी टाय लावलेला तरुण सँडविच खात होता. काकांनी त्याला नमस्कार केला, वाकून टेबलाचा पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, “धरणाच्या साइटवर मी तंबूत ऑफिस चालवलंय. याला चार पाय आहेत. चैन आहे.” ग्रुपवर मात्र त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. त्यांच्या रुसव्याचा मला झालेला हा पहिला फायदा.

आता राहिली होती फक्त माझी जागा. शाखा चालवायला इथे राहणारं माणूस नेमायचं, आणि त्याला पूर्ण अधिकार की मर्यादित, हे कळवायचं. बोर्डाची त्यावर व्हिडिओवर मीटिंग आधीच झाली होती. सासूबाई फार मायेने म्हणाल्या होत्या, “तुझ्यावर भरवसा नाही असं नाही हं बाळा, पण नवीन आहेस. सध्या मर्यादितच ठेवू.” मर्यादित म्हणजे काय, तर मी शाखेची पोस्ट घ्यायची आणि फोन उचलायचा. किराणावाल्याशी करार करायचा तर नऊ सह्या. पोस्ट घ्यायचा अधिकार मला खालच्या आजोबांच्या पार्सलांच्या बाबतीत आधीपासूनच होता, आणि त्यासाठी मला कोणी नोंदणी करायला लावली नव्हती. पण मी “चालेल आई” म्हणाले. राजस शेजारीच बसला होता. तो त्या वेळी अत्यंत लक्षपूर्वक मोजे घालत होता.

तर काकांना घेऊन मी त्याच काउंटरवर. काकांनी पासपोर्ट दिला, पेन काढलं आणि सही करण्याआधी सगळा कागद वाचला. सरकारी नोकरीतली सवय.

“हे मर्यादित कोण?”

“मी.”

“शाखा कोण चालवणार?”

“मीच.”

“मग मर्यादित का?”

“बोर्डाचा निर्णय आहे काका.”

“मी बोर्डात नाही?”

“तुम्ही होतात की मीटिंगला.”

“माझा कॅमेरा बंद होता. मला वाटलं आशीर्वाद द्यायचेत. दिले.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शिक्क्यांसाठी फोन कोण करत होतं? टेबल कोणी शोधलं? विमानतळावर कोण आलं?” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “शुभदाला कळव, मी रुसलोय.”

“काका, तुम्ही आधीच रुसलेले आहात.”

“तो कॅलेंडरचा. हा वेगळा.”

काउंटरवरच्या बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. “ते नकार देतायत का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मग सहमत आहेत का? नाही. रुसणं म्हणजे यांच्यामधलं काय ते मला इंग्रजीत सांगता येईना. शेवटी बाईंनी लिहून घेतलं, ‘संचालकांना अधिक वेळ हवा आहे’, आणि मला वाटतं रुसण्याचं इतकं नेमकं भाषांतर कोणीच केलं नसेल.

रुसलेला माणूस घरात ठेवणं सोपं नसतं, पण काका पुण्यावर रुसले होते आणि राहत आमच्याकडे होते, त्यामुळे व्यवस्था निराळी होती. पुण्याचा फोन आला की ते बाल्कनीत जाऊन कालव्याकडे तोंड करून ताठ उभे राहत. फोन संपला की आत येऊन, “चहा टाकतेस का?” शिवांगीची आणि त्यांची गट्टी जमली. ते मराठीत बोलत, ती डचमध्ये उत्तर देत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं पटत असे. सासूबाईंनी व्हिडिओवर “मोठ्या आजोबांना बोलाव गं” म्हटलं की शिवांगी बोट हलवून म्हणे, “दात माख नीट!” हे इथल्या शाळेत पहिलं शिकवलं जाणारं डच वाक्य, म्हणजे ‘असं चालत नाही’.

चित्रा म्हणाली, “साबुदाण्याची खिचडी कर. राग उतरेल.”

“मला उतरवायचाच नाहीये,” मी म्हटलं. आणि म्हटल्यावर माझीच मी जरा चमकले. माझ्यावर पुष्कळ जण रुसले होते आजवर. माझ्यासाठी कोणी रुसण्याची ही पहिलीच वेळ होती.

आठवड्याने सासूबाईंनी मला दुपारी एकटीला फोन केला. “अगं, किती दिवस हे चालायचं? किराणावाला थांबलाय, माल दळून पडलाय. तूच समजाव ना भाऊजींना.”

मी ओट्याला टेकून उभी होते. “आई, मी कशी समजावणार? मला फक्त पोस्ट घ्यायचा अधिकार आहे.”

मी मनातल्या मनात राजसच्या बदलीची, माझ्या माहेरी जाण्याची आणि शिवांगीच्या शाळेच्या दाखल्याची तयारी करून टाकली.

“मला तरी कोणी दिला होता गं पूर्ण अधिकार?” सासूबाई शेवटी म्हणाल्या. “नऊ जणांच्या मध्ये बसून घेतला मी तो. मला वाटलं तूही घेशील. तू आपली चालेल आई, चालेल आई. मग मी काय करणार?” आणि थोडं थांबून, “भाऊजी जेवतात ना नीट?”

नवा ठराव आला तेव्हा त्यावर आठही सह्या होत्या. श्रीशिवाय. मी तिसऱ्यांदा काउंटरवर गेले, काका दुसऱ्यांदा. बाईंनी आम्हाला ओळखलं आणि चष्मा आधीच साखळीवर सोडला. नियमाप्रमाणे काकांना विचारलं, “तुम्ही संचालक म्हणून एकट्याने काम करता, की इतरांबरोबर?”

काकांनी प्रश्न नीट ऐकला. “दोन वर्षं एकटा होतो,” ते इंग्रजीत म्हणाले. “आता इतरांबरोबर.” बाईंनी फक्त दुसरा भाग टाइप केला. मग मला कागद दिला: शाखाप्रमुख, पूर्ण अधिकार, आणि त्यापुढे माझं नाव, कोणाचीही आई किंवा जोडीदार नसलेलं. राजसने त्याचा फोटो काढला. मी म्हटलं, हलला, परत काढ.

ही गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण आज सकाळी नाश्त्याच्या वेळी काका कापडी पिशवी भरून उभे. “मास्ट्रिख्टला जाऊन येतो. तिथे विद्यापीठ आहे, आपली मुलं असणार, आणि त्यांना थालीपीठ मिळत नसणार. शिवाय मास नदीवरचा बंधारा बघायचाय.”

“मी येते बरोबर.”

“तू शाखा सांभाळ. फिरतीवर संचालक जातो.” आणि मग, हे मी विसरणार नाही, त्यांनी माझ्यापुढे उभं राहून विचारलं, “जाऊ ना?” पूर्ण अधिकार असलेल्या शाखाप्रमुखाला विचारतात तसं. पूर्ण अधिकाराचा मी केलेला पहिला उपयोग म्हणजे “जा” असं म्हणणं. खूप विचार करून सांगते, चूक होती.

मास्ट्रिख्ट देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि आता दुपारचे चार वाजलेत. त्यांचा फोन बंद लागतोय, बॅटरी वाचावी म्हणून ते तो बंद ठेवतात आणि फोन करायचा असेल तेव्हाच चालू करतात, म्हणजे आपण कधीच करू शकत नाही. राजस म्हणतो, धरणं बांधलेला माणूस आहे, हरवेल कसा. सासूबाईंचे दोन फोन येऊन गेले. मी “आराम करतायत” असं सांगितलं. सीटवर बसून आराम करतच असतील, असं मी स्वतःला सांगतेय.

तर तुमच्यापैकी कोणी आज मास्ट्रिख्टच्या बाजूला असाल, किंवा तिकडून येणाऱ्या गाडीत, तर जरा डब्यात नजर टाका. अर्ध्या बाह्यांचा राखाडी स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी, खिडकीतून कालवे मोजत असतील. “वाट चुकलात का?” असं विचारू नका, रुसतील. “गोळी घेतली का?” तर मुळीच विचारू नका. “साहेब, भाजणी आहे का?” एवढंच विचारा. मग ते कार्ड देतील, मेतकुटाचंही पाकीट काढतील, आणि बोलायला लागले की उतरायचं स्टेशन निघून जाईल. जाऊ द्या. पुढच्या स्टेशनवर त्यांना घेऊन उतरा आणि मला फोन करा, मी न्यायला येते. आणि तेवढ्या वेळात कृपा करून त्यांच्या शेजारची सीट रिकामी ठेवू नका.